बुवांचं पीठ कोण वाहतं? गिरनारचे चार दिवस

गेल्या पावसाळ्यात आमच्या शनिवारच्या डावात मी एक बुवा आणला. आम्ही पाच जण कोथरूडमध्ये एका जेवणाच्या टेबलाभोवती डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काय जमलं काय नाही ते फासे ठरवतात. गोष्ट रचायची जबाबदारी माझी, बाकी चौघांची पात्रं ठरलेली: पॅलाडिन (धर्मयोद्धा), विझर्ड (जादूगार), चोरटा आणि एक तिरंदाज, जी खऱ्या आयुष्यात करसल्लागार आहे. इथे मी चौघांना पात्रांच्याच नावांनी हाक मारतोय. माझा बुवा मौनगिरी. हिमकडा नावाच्या सुळक्यावर साठ वर्षं अबोल बसलेला, भोवती राखाडी कफन्या घातलेले बारा शिष्य. वीस मिनिटं मी नुसतं धुक्याचं वर्णन केलं. सगळे गप्प होते. मला वाटलं, जमलं.

मग चोरट्याने विचारलं, "हे तेरा जण खातात काय? वर शेत नाही, गाय नाही. पीठ कोण आणतं?"

मी म्हटलं, मंत्राने. नियमात तशी सोय आहे, तिसऱ्या पातळीचा मंत्र, एका वेळी पंधरा माणसांचं अन्नपाणी. त्याने पुस्तक उघडून वाचून दाखवलं, अन्न बेचव असतं. "आणि खाली गावात तू दुष्काळ टाकलायस. तिथे का नाही म्हणत हा मंत्र?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात पॅलाडिनची आई पोहे घेऊन आली. काकूंना वाटतं आम्ही सापशिडीचा काहीतरी मोठा प्रकार खेळतो. पण बुवा म्हटल्यावर त्या थांबल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचा दत्त रोज भिक्षेला कोल्हापूरला जातो. तुमचा हा कसला बसून राहतो?"

काकूंच्या गिरनारच्या, म्हणजे गुजरातेत जुनागढजवळ असलेल्या दत्ताच्या डोंगराच्या, सात वाऱ्या झाल्या होत्या. आठवीला त्यांनी आम्हालाच बरोबर घेतलं. म्हणजे जाताना आम्ही म्हणत होतो की काकूंना घेऊन चाललोय. पाच हजार पायऱ्या झाल्यावर कोण कोणाला घेऊन चाललंय ते कळलं.

शनिवार: जुनागढ

वेरावळकडे जाणारी गाडी जुनागढला थांबते, तिने सकाळी उतरलो. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. हवेत गारवा, पण उन्हात उभं राहिलं की स्वेटर नको व्हायचा. स्टेशनबाहेर पहिली गोष्ट म्हणजे गाठिया. गरम, खाण्याच्या सोड्याने हलके झालेले, सोबत किसलेल्या कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या. तिरंदाज म्हणाली की एवढ्यावर परत गेलो तरी चालेल.

दुपारी उपरकोट. डागडुजी होऊन किल्ला अलीकडेच पुन्हा खुला झालाय आणि चकाचक आहे, थोडा जास्तच. पण आत दोन विहिरी आहेत, त्या कुठल्याही चकचकाटाला पुरून उरतात. तिथल्या एका म्हाताऱ्या रखवालदाराने म्हण ऐकवली: "अडीकडी वाव ने नवघण कूवो, जेणे ना जोयो ते जीवतो मूओ." ज्याने या दोन विहिरी पाहिल्या नाहीत तो जिवंतपणीच मेला. अडीकडीची वाव बांधलेली नाही, अखंड खडक कोरत खाली नेली आहे. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधून सरळ उतरणारा जिना. खाली जावं तसं वरचं आभाळ एका पट्टीएवढं होतं. गेली चार वर्षं मी टेबलावर कागदी तळघरं काढतोय. तिथे उभं राहिल्यावर त्यांतलं एकही कधी पुरेसं खोल नव्हतं असं वाटलं.

अडी आणि कडी कोण? एका कथेत राजवाड्यासाठी इथून रोज पाणी भरणाऱ्या दोन दासी. दुसऱ्या कथेत पाणी लागेना म्हणून बळी दिलेल्या दोन मुली. चोरटा काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. राजाचं नाव विचारावं लागतं, पाणी भरणाऱ्यांची नावं इथे विहिरीलाच आहेत.

रात्री काठियावाडी थाळी. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टमेटा, लसणिया बटाटा, गूळ-तूप आणि तांब्याभर ताक. वाढणारा माणूस नको म्हटलं की जास्त वाढतो. हिवाळा असल्याने अडदिया होता, उडदाच्या पिठाचा, तुपात निथळणारा, डिंक-सुंठ घातलेला. काकूंनी एक डबाभर घेऊन ठेवला आणि आम्हाला हात लावू दिला नाही. "परवा उतरताना लागेल."

रविवार: तीन राजांचा दगड आणि दुपारची झोप

सोमवारी पहाटे डोंगरावर दत्तशिखराच्या वाटेजवळ कमंडलू कुंडावर धुनी पेटते, तेव्हा तिथे पोचायचं तर रविवारी रात्रीच चढायला लागायचं. म्हणजे दुपारी झोपणं सक्तीचं. सकाळ मोकळी होती.

गिरनारच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख आहे. एक मोठी काळसर शिळा, आता तिच्यावर इमारत आहे. एका अंगाला अशोकाचे चौदा लेख. त्याच शिळेवर इसवी सन १५०च्या सुमाराचा शक क्षत्रप रुद्रदामनाचा संस्कृत लेख, आणि पुढे पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा. अशोकाचे लेख जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास उलगडेपर्यंत मधली कित्येक शतकं लोक या दगडाशेजारून डोंगरावर जात राहिले आणि काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येत नव्हतं. डावात मी असा दगड ठेवला असता तर विझर्डने वाचण्यासाठी फासा टाकला असता. खऱ्या विझर्डने पुण्याहून भाषांतर छापून आणलं होतं.

रुद्रदामनाचा लेख एका धरणाबद्दल आहे. सुदर्शन तलाव, चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने बांधवलेला. वादळी पावसात बांध फुटला, पाणी गेलं. मंत्र्यांनी दुरुस्तीला हात टेकले आणि प्रजेत हाहाकार उडाला. लेखातला शब्दच आहे 'हाहाभूतासु प्रजासु'. मग राजाने बांध पुन्हा बांधवला आणि मोठ्या अभिमानाने कोरून ठेवलं की यासाठी मी लोकांवर कर लादले नाहीत, विष्टी घेतली नाही, खजिन्यातून पैसा घातला.

"विष्टी म्हणजे?" तिरंदाजने विचारलं.

"वेठ," विझर्ड म्हणाला. "आपला वेठबिगारीतला वेठ. त्यातूनच आलाय."

काकू दाराशी चपला सांभाळत उभ्या होत्या. त्यांना दगडात रस नव्हता, पण हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बाकीचे घेत होते."

पुढे दामोदर कुंड, मग तळेटीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, भवनाथ. महाशिवरात्रीला इथे साधूंची मोठी जत्रा भरते, आम्ही गेलो तेव्हा निवांत होतं. आखाड्यांच्या ओट्यांवर दोन-तीन साधू ऊन खात बसलेले. त्यांतल्या एकाने पॅलाडिनला हाक मारून जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं उपदेश करणार. त्याला मोबाइलचं रिचार्ज करून हवं होतं. पॅलाडिनने करून दिलं, मोबदल्यात चिमूटभर राख मिळाली. माझ्या बुवाच्या शिष्यांच्या तोंडी मी नेहमी एकच वाक्य घालत आलो होतो, "गुरू ध्यानात आहेत." ते त्या रात्रीपासून बंद.

इथे थोडं कामाचं सांगतो. काठी तळेटीलाच घ्या, लाजू नका, ती चढताना नाही, उतरताना लागते. प्लास्टिकच्या बाटल्या वर नेऊ देत नाहीत, घरून धातूची बाटली आणा. निम्म्या वाटेवर अंबाजीचं देऊळ आहे, तिथपर्यंत बऱ्यापैकी दिवे आहेत, पुढे टॉर्च हवाच. सुटे पैसे ठेवा. पौर्णिमेला गर्दी प्रचंड असते, आणि कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा डोंगराभोवती ३६ किलोमीटरची लीली परिक्रमा चालते. गर्दी सोसत नसेल तर त्या तारखा टाळा. ज्यांना चढवतच नाही त्यांच्यासाठी डोली आहे, तिचा दर वजनावर ठरतो. आणि २०२० पासून रोपवे आहे. तो अंबाजीपर्यंतच जातो, दत्तशिखर तिथून पुढे निम्मी वाट आहे. रोपवे आहे म्हणून निर्धास्त राहू नका, का ते पुढे येईलच.

रविवार रात्र ते सोमवार दुपार: दहा हजार

अकराला निघालो. 'जय गिरनारी' म्हणून पहिल्या पायरीला हात लावला. वाटेत जो भेटेल तो जय गिरनारी म्हणतो, आपणही म्हणायचं. पहिल्या पाचशे पायऱ्या आम्ही मोठ्याने म्हणत होतो. दोन हजारांवर नुसती मान हलवत होतो.

आमच्या खेळात थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत, सहावीला माणूस मरतो. तीन हजारांच्या आसपास चोरट्याने जाहीर केलं की तो चौथीवर आहे. काकू पायमोजे घालून, बुटांशिवाय, एकाच लयीत चढत होत्या. थांबत नव्हत्या आणि घाईही करत नव्हत्या. "बसू नका रे, उभ्यानेच दम घ्या. बसलात की गुडघे बसतात."

तेवढ्यात खालून एक माणूस आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं. अंगात पातळ शर्ट, आम्ही जॅकेटांत. तो आम्हाला मागे टाकून गेला आणि पुढच्या वळणावर कठड्याला पोतं टेकवून उभा राहिला. मी विचारलं, आत काय आहे?

"लोट."

मला कळेना. आपल्याकडे लोट धुराचे असतात. काकू हसल्या. "अरे, लोट म्हणजे पीठ. गुजरातीत पिठाला लोट म्हणतात."

चोरटा उभा होता तिथेच खाली बसला, काकूंची आज्ञा मोडून. मग मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने त्या माणसाची उलटतपासणीच घेतली. पस्तीस किलो. कधी पीठ, कधी तेलाचे डबे, कधी गॅसची टाकी. वरच्या टपऱ्यांचा चहा, साखर, बिस्किटं, देवळांतलं तेल, अन्नछत्राचं धान्य, सगळं असंच जातं. तो रात्री चढतो कारण ऊन नसतं. वडीलही हेच करायचे. बुवाबाजीबद्दल, देवाबद्दल त्याचं मत विचारायचं माझ्या मनात होतं, पण तो बिडी विझवून म्हणाला, "जय गिरनारी," आणि पोतं उचललं. पायऱ्या तो मोजत नाही, वळणं मोजतो.

मला स्कायरिम आठवला. २०११ साली आलेला तो संगणकावरचा खेळ मी कॉलेजात असताना तीनदा संपवलाय. त्यातही एक उंच पहाड आहे, सात हजार पायऱ्या (मोजल्या तर हजारही भरत नाहीत), वर मठात चार राखाडी दाढीवाले मौनी, आणि शिखरावर त्यांचा गुरू. तो गुरू म्हणजे ड्रॅगन आहे, इतक्या वर्षांनी हे सांगितल्याबद्दल कोणी रागवू नये. माझा मौनगिरी तिथूनच उचललाय हे आता कबूल करायला हरकत नाही. पण त्या खेळात पायथ्याच्या गावात क्लिमेक नावाचा एक साधा माणूस आहे, जो मठाला शिधा पोचवतो. आता पाय साथ देत नाहीत, यावेळची पिशवी तू नेशील का, असं तो आपल्याला विचारतो. तीनही वेळा मी ती पिशवी वर नेऊन पेटीत टाकली आणि विसरलो. बुवा उचलला आणि क्लिमेक खालीच ठेवला.

चार हजारांच्या पुढेमागे जैन मंदिरं, अंधारात नुसत्या शिखरांच्या रेषा. नेमिनाथांचं हे स्थान जैनांसाठी फार मोठं आहे, ती मंदिरं दिवसा सावकाश पाहायला हवीत, आमची राहिली. अंबाजीला तीन वाजले. इथे वारा सुरू झाला. वारा म्हणजे साधा नाही, शालीचं टोक सोडलं तर शाल जाईल असा. टपरीत चहा घेतला. मघाचा पीठवाला तिथे बसला होता, पोतं उतरलेलं. चोरट्याने त्याच्या चहाचे पैसे देऊ केले तर त्यानेच आमचे दिले.

गोरखनाथाचं शिखर गुजरातमधलं सगळ्यात उंच, दत्तशिखराहूनही. शिष्य गुरूपेक्षा उंच कसा, असं विझर्डने विचारलं. काकूंचं उत्तर तयार होतं: गोरक्षनाथांनी मागून घेतलं की मला गुरूच्या पादुका कायम दिसाव्यात. आणि खाली पाहायचं तर वर बसावं लागतं. मग तिथून उतरण, भरपूर उतरण. चढून आलेल्या पायऱ्या अशा हातातून जाताना पाहून पॅलाडिन, जो कधी तक्रार करत नाही, म्हणाला, "या पुन्हा चढायच्यात ना येताना?" कोणी उत्तर दिलं नाही. खाली दोन कमानी लागतात. एक वाट दत्तशिखराची, दुसरी कमंडलू कुंडाची.

कुंडावर साडेपाचला पोचलो. कथा अशी सांगतात: दत्तगुरू इथे बारा हजार वर्षं तपाला बसले, खाली दुष्काळ पडला, माणसं तडफडू लागली. शेवटी अनसूयामातेने येऊन हलवून जागं केलं. तेव्हा हातातला कमंडलू पडून दोन तुकडे झाले, एक पडला तिथे पाणी, दुसरा पडला तिथे अग्नी. मी ही कथा आधी वाचली होती, पण तिथे गारठ्यात उभं राहून ऐकताना त्यातला दुष्काळ पहिल्यांदा कानात शिरला. बुवा डोळे मिटून वर, खाली हाहाकार, आणि उठवायला आली ती आई. चोरट्याचा प्रश्न आमच्या टेबलावर यायच्या कितीतरी आधी इथे विचारून झाला होता.

धुनीत पिंपळाची लाकडं रचतात आणि सोमवारी ती आपोआप पेटतात अशी श्रद्धा आहे. सहाच्या सुमारास मंत्र सुरू झाले. मी तिसऱ्या रांगेत होतो, समोर कानटोप्या. धूर दिसला, मग एकदम उजेड. ज्वाळांत काहींना दत्त दिसतात. मला पुढच्या माणसाच्या मफलरची किनार दिसली. नीट निरखायचा फासा पडलाच नाही, एवढंच मी म्हणू शकतो. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना काय दिसलं ते आम्ही विचारलं नाही.

मग जेवण. कोणालाही, कुठून आलात न विचारता, फुकट. आम्हाला खिचडी आणि कढी मिळाली, पानात गरम वाफ, बाहेर झुंजुमुंजू. मी आयुष्यात खाल्लेल्या खिचड्यांत ही पहिल्या तीनात. वाढणारा मुलगा सोलापूरकडचा निघाला, सेवेला म्हणून महिनाभर आलेला. पीठ किती दिवसांनी येतं विचारलं. "रोजच कोणीतरी आणतं. भाविकही आणतात पिशवीतून." काकूंनी त्यांची पिशवी उघडली. आत दोन किलो तांदूळ होते. पुण्याहून. आम्हा पाचांच्या पाठीवर कॅमेरे आणि पॉवर बँका.

दत्तशिखरावर पादुकांचं दर्शन मिळालं. मंदिर लहान, मिनिटभर मिळतं, फोटो काढू देत नाहीत. तीन बाजूंना ढग खाली पसरलेले. माझं वीस मिनिटांचं धुक्याचं वर्णन चुकीचं होतं. मी धुकं पांढरं म्हटलं होतं, ते सकाळी फिकट पिवळं असतं, आणि त्याला ओल्या दगडाचा वास असतो.

परत अंबाजीला आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रोपवे वाऱ्यामुळे बंद. सुरू कधी होईल? वाऱ्याला विचारा. तासभर थांबलो, मग काकू उठल्या. उरलेल्या पाच हजार पायऱ्या. उतरताना मांड्या थरथरतात, स्वतःच्या नाहीत असं वाटतं. तिरपं उतरलं तर बरं पडतं, हेही काकूंचंच. तीन हजारांवर त्यांनी अडदियाचा डबा उघडला. प्रत्येकाला एकच वडी. तीन वाजता तळेटी.

मंगळवार

काहीही पाहिलं नाही. पलंगावरून उठायला दहा मिनिटं लागली. हॉटेलचा जिना दिसला की तिरंदाज हसायला लागायची, मग रडवेली व्हायची. गीरला सिंह पाहायचा बेत होता तो एकमताने रद्द. संध्याकाळची गाडी धरली.

गाडीत मी वही काढली. बाराही शिष्यांना कामं दिली: पाणी, लाकूड, हिशोब, आणि एक जण चुंबळी वळणारा. पायथ्याच्या गावात एक हमाल लिहिला. नियमांच्या पुस्तकात एका दिवसाच्या शिदोरीचं वजन दोन पौंड दिलंय, पण ओझ्याचा नियम आम्ही कंटाळवाणा म्हणून चार वर्षं गाळत आलो होतो. तो परत आणला. काकूंनी वहीत डोकावून विचारलं, "तुमचा बुवा उतरतो की नाही खाली?" मी म्हटलं, विचार चालू आहे. "त्याला कोणीतरी हलवायला लागेल," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकवून झोपल्या.

पुढच्या शनिवारी डाव मांडला. चौघं सातव्या पातळीचे वीर, हिमकड्याच्या पायथ्याशी पोचले. ड्रॅगन नाही, खजिना नाही. हमालाचा पाय मुरगळलाय, दोन पोती पीठ उद्या सकाळपर्यंत वर पोचायला हवं.

"मजुरी किती?" चोरट्याने विचारलं.

मी म्हटलं, वर गरम जेवण आहे.

त्याने आपल्या पात्राच्या कागदावरून तलवारी, दोरखंड, तीन कंदील, एकेक करून खोडायला सुरुवात केली. वजन बसवत होता.